तर्रीखालचं प्रोटीन

काकाजींनी रिपोर्ट आणला तो तर्री पोह्यांच्या पुडीसोबत. नागपूरच्या गोकुळपेठेतून सकाळी अंबाझरीला फिरायला जायचं आणि येताना चौकातून तर्री पोहे बांधून आणायचे, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम. पिशवीत रस्सा थोडा सांडला होता, कागदाचा एक कोपरा लालकेशरी झाला होता. मधोमध ठळक अक्षरांत छापलं होतं: होमोसिस्टीन २६. बाजूला योग्य मर्यादा, ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर.

"पोरी, हे प्रोटीनचं असते म्हणे," ते म्हणाले. "मटन तर मी जन्मात खाल्लं नाही. मग काहून वाढलं हे?"

मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला असता तर फळ्यावर चार बाण काढून मोकळी झाले असते. काकाजी बाणांनी ऐकणारे नाहीत. त्यांना पटेल असं उत्तर द्यायला मला दोन रविवार लागले. ते उत्तर इथे लिहून काढते आहे, कारण असे रिपोर्ट आता घरोघरी येऊ लागलेत आणि त्यातल्या आकड्यांचा आपल्या जेवणाशी काय संबंध, हे कुणी बसून सांगत नाही.

आपल्या डोक्यात एक पक्की वाटणी असते. तेलतूप हे हृदयाचं दुखणं, साखर हे डायबिटीसचं आणि प्रोटीन मात्र चांगलं, ताकदीचं. ताटातसुद्धा हे वेगळं दिसतं. तर्री पोह्यांचंच बघा: वर लाल तेलाचा तवंग, खाली हरभरे. तेल वर, प्रोटीन खाली, दोघांची आपापली जागा. पण ही मांडणी प्लेटपुरतीच. पोटातून पुढे गेलं की सगळ्याला एकाच ओट्यावर यावं लागतं आणि तो ओटा म्हणजे यकृत. तिथे एका मालाची गर्दी झाली की दुसऱ्याचं काम खोळंबतं. जास्त चरबीच्या आहाराचा हृदयाला होणारा त्रास म्हटलं की आपण फक्त कोलेस्टेरॉलचा विचार करतो. त्याच चरबीमुळे प्रोटीनच्या घटकांचा हिशोबही बिघडतो, ही गोष्ट मागेच राहते.

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबच लांब माळा. मणी २० प्रकारचे. त्यातले ९ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ते खाण्यातूनच यावे लागतात. मेथिओनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही त्यातलीच, आणि पुढच्या गोष्टीत ती पुन्हा पुन्हा भेटणार आहेत. एक फरक मात्र आधीच मनात ठेवा. चरबी साठवायला शरीराकडे गोदाम आहे. पोट, मांड्या, कंबर, हवं तेवढं. अमिनो आम्लांना गोदाम नाही. जेवढी लागली तेवढी वापरली, उरलेली त्या त्या वेळी मोडून निकालात काढावी लागतात. त्यामुळे मोडण्याच्या यंत्रणेत कुठे अडथळा आला की माल थेट रक्तात साचतो.

आता काकाजींच्या आकड्याकडे वळू. होमोसिस्टीन आपण खात नाही. ते शरीरातच तयार होतं, मेथिओनिनपासून. मेथिओनिनचं एक मोठं काम म्हणजे मेथिल गट पुरवणं. मेथिल गट ही कार्बन आणि हायड्रोजनची अगदी छोटी चकती, शिंप्याच्या दुकानातल्या बटणासारखी. शरीरात शेकडो ठिकाणी हे बटण लावावं लागतं, डीएनएवर, प्रोटीनवर, मेंदूतल्या रसायनांवर. मेथिओनिनने आपलं बटण देऊन टाकलं की मागे जो बिनबटणाचा सांगाडा उरतो, ते होमोसिस्टीन.

सगळ्यात जास्त बटणं कुठे खर्च होतात? मोठ्या खर्चांपैकी एक आहे चरबीची बांधाबांध. ही जागा जरा थांबून बघण्यासारखी आहे.

यकृताकडे आलेली चरबी रक्तातून बाकी शरीराकडे पाठवायची तर ती तशीच सोडता येत नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, हे तर्रीकडे बघूनही कळतं. म्हणून यकृत चरबीचे बारीक थेंब करतं आणि प्रत्येकावर एक पातळ कवच चढवतं. कवचाचा मुख्य माल फॉस्फॅटिडिलकोलीन. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे: एक बाजू तेलाकडे, दुसरी पाण्याकडे. हा माल यकृत दोन वाटांनी बनवतं. आहारातून कोलीन मिळालं तर ते वापरून, म्हणजे अंडी, सोयाबीन, हरभरा, शेंगदाणे यांतलं. नाहीतर घरातलाच एक साधा रेणू घेऊन त्याला एकामागून एक तीन मेथिल गट लावून. तीन गट म्हणजे तीन मेथिओनिन खर्ची पडली आणि मागे तीन होमोसिस्टीन उरली. कवचाच्या एका रेणूमागे तीन! ज्या उंदरांमध्ये ही दुसरी वाटच बंद केली होती, त्यांच्या रक्तातलं होमोसिस्टीन जवळजवळ निम्म्यावर आलं. एवढा या एका कामाचा वाटा आहे.

काकाजींना हे सांगितलं तेव्हा ते जरा थबकले. "म्हणजे तेलाची पुडी बांधायला प्रोटीनचा दोरा लागते," ते म्हणाले. मला याहून चांगलं वाक्य सुचलं नसतं.

दोरा वापरल्यावर उरलेल्या होमोसिस्टीनचं पुढे काय होतं? त्याला दोन वाटा आहेत. एक मागे फिरण्याची: त्याला पुन्हा बटण लावायचं आणि मेथिओनिन करायचं. या कामाला फोलेट आणि बी-१२ ही दोन जीवनसत्त्वं लागतात; यकृतात बीटेन नावाचा आणखी एक मदतनीस आहे. दुसरी वाट पुढे जाण्याची: त्याचं सिस्टीन या वेगळ्या अमिनो आम्लात रूपांतर करायचं. त्याला बी-६ लागतं. दोन्ही वाटा मोकळ्या असल्या तर होमोसिस्टीन रक्तात फार वेळ राहत नाही.

जास्त चरबीचा परिणाम दुसऱ्या वाटेवर दिसतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना भरपूर चरबी आणि भरपूर साखर असलेला आहार दिला होता. त्यांचं वजन आणि इन्सुलिन वाढलं, दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी बसलेलं एन्झाइम, म्हणजे हे रूपांतर घडवून आणणारं प्रोटीन, यकृतात मंदावलं आणि रक्तातलं होमोसिस्टीन चढलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला माहीत आहे. पण तेलकट आणि गोड एकत्र, ही आपल्या सणांची आणि हल्ली रोजच्या संध्याकाळचीही थाळी आहे. म्हणून हा प्रयोग मी वर्गात दरवर्षी सांगते.

काकाजींच्या बाबतीत मात्र पहिली वाट जास्त अडलेली होती. बी-१२ तपासायला लावलं तेव्हा ते १४० पिकोग्रॅम निघालं, म्हणजे २०० या खालच्या मर्यादेच्याही खाली. बी-१२ वनस्पतीत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटन यांतून ते मिळतं. काकाजी शाकाहारी, दुधाचा चहा तेवढा घेतात, दही त्यांना सोसत नाही. त्यात डायबिटीससाठी मेटफॉर्मिन चालू आहे आणि अॅसिडिटीची गोळी कित्येक वर्षांची. या दोन्ही औषधांनी दीर्घकाळात बी-१२ चं शोषण कमी होतं. "मटन खात नाही, मग काहून वाढलं?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर प्रश्नातच होतं: मटन खात नाही आणि त्याच्या जागी बी-१२ देणारं दुसरं काही खात नाही, म्हणूनच वाढलं. ते एकटे नाहीत. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गीय मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर तिघांपैकी सुमारे दोघांचं बी-१२ कमी होतं आणि निम्म्याहून जास्त जणांचं होमोसिस्टीन १५ च्या वर. सगळ्यात वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गाची होती, म्हणजे तुमच्या आमच्या घरांची.

होमोसिस्टीन आणि हृदयाचं नातं पहिल्यांदा दिसलं ते मुलांमध्ये. १९३३ मध्ये बॉस्टनला एक आठ वर्षांचा मुलगा पक्षाघाताने गेला. त्याच्या धमन्या म्हाताऱ्या माणसासारख्या कडक झाल्या होत्या. पुढे कळलं की त्याला होमोसिस्टीन मोडता न येण्याचा आनुवंशिक आजार होता. किल्मर मॅककली या डॉक्टरांनी हे जुनं प्रकरण पुन्हा तपासलं. मग दोन महिन्यांच्या एका बाळाचं प्रकरण पाहिलं. त्याच्यात बिघडलेलं एन्झाइम वेगळं होतं, पण होमोसिस्टीन तसंच वाढलेलं आणि धमन्याही तशाच खराब. एन्झाइम वेगवेगळं, समान एकच गोष्ट. त्यावरून १९६९ मध्ये त्यांनी मांडलं की धमन्या बिघडवण्यात होमोसिस्टीनचा हात असावा. ते धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतं आणि रक्त गोठण्याकडे झुकवतं, हे नंतरच्या कामातून पुढे आलं.

त्याच वर्षी, त्याच बॉस्टन शहरात, दुसऱ्या एका गटाने वेगळीच गोष्ट टिपली. लठ्ठ माणसांच्या रक्तात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं जास्त सापडतात. या तिघांच्या रेणूंना फांदी असते म्हणून त्यांना शाखायुक्त अमिनो आम्लं म्हणतात. जिममधली पोरं ज्याला बीसीएए म्हणतात, ते हेच. माझ्या भाच्याच्या खोलीत त्याचा निळ्या झाकणाचा मोठा डबा आहे.

ही तीन अमिनो आम्लं बाकीच्यांसारखी आधी यकृतात मोडत नाहीत. पहिला घाव स्नायूंत पडतो, मग अर्धवट मोडलेला माल पुढच्या फाटकावर येतो. या फाटकाचं एन्झाइम यकृतात सगळ्यात जोरात चालतं. आपल्या कळमना मार्केटचं फाटक डोळ्यांसमोर आणा. संत्र्यांच्या हंगामात गाड्या रांगेत उभ्या असतात. फाटकावर एक माणूस कुलूप लावणारा, एक उघडणारा. इथेही तसंच आहे: एक एन्झाइम फाटक बंद करतं, दुसरं उघडतं. लठ्ठपणात आणि जास्त चरबीच्या आहारात कुलूप लावणारा जोरावर येतो आणि उघडणारा मागे पडतो. यकृतातलं आणि चरबीच्या पेशींतलं फाटक बराच वेळ बंद राहतं. गाड्या रस्त्यावर, म्हणजे अमिनो आम्लं रक्तात. लठ्ठ उंदरांमध्ये संशोधकांनी हे कुलूप काढलं तेव्हा रक्तातली शाखायुक्त अमिनो आम्लं उतरली आणि साखरेवरचा ताबाही सुधारला.

म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगते. रक्तातली ही वाढ बहुतेक वेळा डाळ जास्त खाल्ल्याची नसते, निकाल न लागल्याची असते. हे वाचून कुणी वरण सोडू नका. उद्या माझ्याच सासरी कुणी म्हणेल, "बाप्पा, प्रोटीन वाईट आहे म्हणे," तर तो माझा पराभव होईल.

फाटकाबाहेर तुंबलेल्या मालाचा त्रास पुढे कुठवर जातो हे दोन अभ्यासांतून कळतं. २००९ मध्ये उंदरांना जास्त चरबीसोबत जास्तीची शाखायुक्त अमिनो आम्लं दिली. नुसत्या चरबीवर ठेवलेल्या उंदरांपेक्षा त्यांनी कमी खाल्लं, त्यांचं वजनही कमी वाढलं, तरी त्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं. साध्या, कमी चरबीच्या आहारात हीच अमिनो आम्लं दिली तेव्हा तसा बिघाड झाला नाही. दोघं एकत्र आली तेव्हाच गडबड. माझ्या भाच्यासाठी या प्रयोगातला हाच भाग महत्त्वाचा: संध्याकाळी आलूबोंडे आणि रात्री बीसीएएचा पेला, या जोडीत कमाई कुठे आहे? दुसरा अभ्यास २०११ चा, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावचा. तिथे पिढ्यान् पिढ्या हृदयाची पाहणी चालू आहे. जपून ठेवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांत पाच अमिनो आम्लं जास्त होती, ही तीन आणि टायरोसिन, फेनिलअलानिन. अशा लोकांना पुढच्या १२ वर्षांत डायबिटीस होण्याची शक्यता बरीच जास्त निघाली. साखर बिघडायच्या कितीतरी आधी अमिनो आम्लांनी सूचना दिली होती. आणि डायबिटीस हा हृदयविकाराचा सख्खा भाऊ आहे, हे नागपुरात कुणाला सांगायला नको. अमेरिकेतल्या सुमारे २७ हजार स्त्रियांच्या दीर्घ पाहणीतही शाखायुक्त अमिनो आम्लं वाढलेल्या स्त्रियांना हृदयविकार जास्त झाला.

या सगळ्यात मला सगळ्यात विलक्षण वाटते ती २०१६ मध्ये उघड झालेली एक साखळी. स्नायूत व्हॅलिन मोडताना एक छोटा तुकडा बाहेर पडतो. तो जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तराला जणू सांगतो, दार उघडा, चरबी आत येऊ द्या. अस्तर चरबी आत सोडतं, स्नायूत चरबी साचते, साचलेल्या चरबीमुळे इन्सुलिनचं ऐकू येईनासं होतं. म्हणजे चरबीने अमिनो आम्लांचं फाटक अडवलं आणि अमिनो आम्लांच्या तुकड्याने चरबीला आणखी एक दार उघडून दिलं. यात आधी कोण, नंतर कोण, यावर संशोधकांत अजून वाद आहे. जनुकांवरचे काही अभ्यास म्हणतात बिघडलेल्या इन्सुलिनमुळे अमिनो आम्लं वाढतात, काही म्हणतात अमिनो आम्लांमुळे डायबिटीस येतो. मला स्वतःला हे जात्याच्या खुंट्यासारखं वाटतं. कुठूनही ढकला, दोन्ही पाळ्यांमध्ये भरडलं जातंच.

तिसरी गोष्ट आर्जिनिन या अमिनो आम्लाची, आणि इथे प्रकरण थेट धमनीत शिरतं. धमनीचं अस्तर आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवतं. तो धमनीला सैल सोडतो, तिला रुंद होऊ देतो. हा वायू शरीरात असं काम करतो हे शोधल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्या वर्षीचा बाल्टिमोरमधला प्रयोग अगदी साधा होता. १० निरोगी माणसं. एकदा ९०० कॅलरींचा नाश्ता, ज्यात ५० ग्रॅम चरबी. दुसऱ्यांदा तेवढ्याच कॅलरींचा, पण चरबी नसलेला. दंडाची धमनी किती रुंदावते ते दर थोड्या वेळाने मोजलं. तेलकट नाश्त्यानंतर ती क्षमता जवळजवळ निम्म्यावर आली आणि चार तासांपर्यंत सुस्तच राहिली. चरबी नसलेल्या नाश्त्यानंतर काहीच झालं नाही. एक नाश्ता, चार तास. सकाळी आठला तर्री पोहे, बाराला समोसा, चारला कचोरी असा दिवस असेल तर धमनीला मोकळा श्वास घ्यायला वेळ कधी मिळणार?

आर्जिनिनचा एक तोतयाही आहे, एडीएमए नावाचा. आर्जिनिनला दोन मेथिल गट लागले की तो तयार होतो. हो, तीच बटणं. तो आर्जिनिनच्या जागी जाऊन बसतो आणि नायट्रिक ऑक्साइड बनू देत नाही. शरीरात त्याला मोडणारं एन्झाइम आहे, पण होमोसिस्टीन वाढलं की तेच एन्झाइम ढिलं पडतं. डायबिटीसच्या रुग्णांमध्ये तेलकट जेवणानंतर काही तासांत एडीएमए वाढलेला दिसला आहे. म्हणजे काकाजींचे २६ आणि त्यांचे तर्री पोहे शेवटी एकाच धमनीत भेटत होते.

मटन खाणाऱ्यांसाठी एक छोटी भर. मटनात कार्निटीन भरपूर असतं. तेच कार्निटीन शरीर लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून बनवतं आणि चरबी जाळायला वापरतं. पण आतड्यातले काही जिवाणू त्याच्यावर काम करतात आणि यकृतातून टीएमएओ नावाचं द्रव्य बाहेर पडतं. ते जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त, हे क्लीव्हलँडच्या गटाने २०११ आणि २०१३ मध्ये दाखवलं. सावजी मटनाच्या हंडीवरचा तवंग आणि आतले तुकडे, दोघांचंही यकृतात स्वतंत्र काम निघतं, एवढं लक्षात असलं तरी पुरे.

इथवर आलं की मन एका सोप्या उपायाकडे धावतं: आकडा वाढलाय ना, मग आकडा कमी करणारी गोळी द्या. हे करून बघून झालंय. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. त्यातली होप-२ साडेपाच हजार लोकांवरची. फोलिक अॅसिड, बी-६, बी-१२ दिलं, होमोसिस्टीन छान उतरलं, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. पक्षाघात तेवढे थोडे कमी दिसले. त्याच वर्षी आणखी एक चाचणी मध्येच थांबवावी लागली. झटका येऊन गेलेल्यांना आर्जिनिन दिलं होतं, धमन्या सैल होतील म्हणून. आर्जिनिन घेणाऱ्या गटात सहा जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. आर्जिनिनचे डबे आजही दुकानात मिळतात. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरी तो डबा दिसला तर कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू देऊ नका.

मग बी-१२ घ्यायचं की नाही? कमी असेल तर घ्यायचंच. मेंदू, नसा आणि रक्त यांच्यासाठी ते हवंच आहे. काकाजींच्या डॉक्टरांनी आधी इंजेक्शन, मग गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी होमोसिस्टीन १२ झालं. काकाजी पेढे घेऊन आले. मी रिपोर्ट उलटून दुसरं पान दाखवलं. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १४८. तीन महिन्यांपूर्वीही तेवढंच होतं.

कारण हृदयाचा हमरस्ता अजूनही एलडीएलचाच आहे. अमिनो आम्लं त्याला येऊन मिळणाऱ्या गल्ल्या आहेत. मटनाची चरबी, साय, तूप, पाम तेल यांतली संपृक्त चरबी यकृतावरचे एलडीएल टिपणारे हात कमी करते, मग ते रक्तात फिरत राहतं. जगभरातल्या ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट पाहणीत दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकीच्या जगात ५९ च्या आसपास. या सहा वर्षांचा विचार केला की मला काकाजींपेक्षा भाच्याची काळजी जास्त वाटते.

चरबी म्हणजे सगळी सारखी, असंही नाही. स्पेनमधल्या प्रेडिमेड चाचणीत लोकांना भरपूर ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा दिला, म्हणजे आहारात चरबी बरीच होती, तरी झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे ऑलिव्हची गरज नाही. विदर्भात जवस आहे. जुन्या सावजी घरांत रस्सा जवसाच्या तेलात व्हायचा. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ प्रकारची चरबी असते. मात्र ही चरबी उष्णतेने लवकर खराब होते, त्यामुळे कडकडीत तळणीला ते तेल नको. जवस हलके भाजून, ताजे कुटून केलेली चटणी उत्तम. फल्ली तेल, म्हणजे शेंगदाण्याचं, रोजच्या फोडणीला चांगलं आहे. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी मात्र कुठल्याच मापात चांगली नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तिच्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली ती म्हणूनच. आणि चौकातल्या कढईत तेल काळपट, चिकट होऊन फेसाळायला लागलं असेल, तर त्या दिवशी आलूबोंडा घेऊ नये, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

"हे सगळं ठीक आहे," काकाजी म्हणाले, "पण मी किती तेल खातो ते मले कसं समजणार? तर्री काही मोजून येत नाही."

काकू आतून म्हणाल्या, "डबा मोजा ना."

त्यांच्याकडे तेलाचा १५ किलोचा डबा येतो. घरात माणसं चार. मागचा डबा किती दिवस पुरला ते काकूंनी बिलांच्या पिशवीतून शोधलं: ७५ दिवस. १५ हजार ग्रॅम भागिले ७५, रोजचे २००. चार जणांत माणशी ५० ग्रॅम. हे फक्त घरातलं, चौकातलं वेगळं. बसून काम करणाऱ्या माणसाला वरून घातलेलं तेलतूप मिळून दिवसाला २० ते ३० ग्रॅम पुरतं. ५० ग्रॅम तेल म्हणजे ४५० कॅलरी, जवळजवळ चार पोळ्यांच्या. काकाजींनी पेन्सिलने तीनदा भागाकार केला. शिक्षकी हात आहे, चुकला नाही.

तर्री पोहे पूर्ण बंद झालेले नाहीत. आता ते रविवारी येतात. काकू वाटी तिरकी धरून वरचं लाल तेल चमच्याने काढतात, हरभरे आणि खालचा रस्सा तसाच ठेवतात आणि वर मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घालतात. बाकी दिवशी नाश्त्याला भिजवलेले हरभरे, कांदा आणि लिंबू असतं. काढलेलं तेल वाटीत जमतं तेव्हा काकाजी त्याच्याकडे बराच वेळ बघतात. शेवटच्या रविवारी ते दोन मोठे चमचे भरलं होतं.

नवा डबा आलाय. काकूंनी झाकणावर काळ्या स्केचपेनने तारीख लिहिली आहे आणि त्याखाली, काकाजींच्या अक्षरात, पाच महिन्यांनंतरची दुसरी.